आई-बाबांचा जर्मनीचा व्हिसा: बँकेत किती हवेत, हा प्रश्न नंतरचा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्यापर्यंत तो असा पोचला: बाबा ६८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन आणि थोडा ऊस. आई ६३, घर सांभाळते. बहीण आणि दाजी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला. आई-बाबांना १० मे ते २५ जून तिकडे पाठवायचं, त्यात पाच दिवस स्वित्झर्लंड आणि तीन दिवस पॅरिस. तिकीट झुरिकचं स्वस्त मिळतंय, परतीचं लंडनमार्गे. बाबांचा पासपोर्ट १८ ऑगस्टला संपतो. बहिणीच्या कागदांवर आईचं नाव वेगळं आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "बँकेत किती रक्कम दाखवावी लागेल?"

गेली एकवीस वर्षं मी पुण्यात लोकांच्या व्हिसाच्या फाईली लावून देतोय. पहिला प्रश्न कायम पैशांचाच असतो. पण तुमच्या बाबतीत पैसा ही अडचण नाहीच, असं माझं मत आहे. तुमच्याकडे कागद आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. वकिलातीतला माणूस आई-बाबांना भेटणार नाही, त्याच्यासमोर फक्त गठ्ठा जाणार. तो वाचून त्याला कळलं पाहिजे की हे दोघं कोण, कोणाकडे चाललेत, खर्च कोण करणार आणि २५ जूनला घरी का परतणार. चारही उत्तरं मिळाली तर खात्यात दोन लाख असोत की आठ, फार फरक पडत नाही. एक जरी अडलं, तर आठ लाखही कमी पडतात.

आधी पासपोर्ट, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे "सहा महिने शिल्लक हवेत" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आखात, थायलंड, सिंगापूरकडे जाणाऱ्यांना ते लागू पडतं, म्हणून ते पसरलं. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे, आणि जर्मनी त्यातच येते: तिथून निघण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. तुमचा हिशोब मांडा. २५ जून अधिक तीन महिने म्हणजे २५ सप्टेंबर. बाबांचा संपतो १८ ऑगस्टला. म्हणजे सहा महिन्यांचा नियम सोडाच, हा तीन महिन्यांच्या नियमातही बसत नाही. नवीन काढावाच लागेल.

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्यामुळे आज जानेवारीत थांबायचं काही कारण नाही. ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. पत्ता बदलला नसेल तर साधा अर्ज पुरतो असा माझा अनुभव आहे, पण पोलीस पडताळणी लागली तर किती दिवस जातील हे तुमच्या पोलीस ठाण्यावर आहे, आणि तिथे माझा अंदाज चालत नाही. जुनी पुस्तिका कोपरा कापून परत देतील, ती फेकू नका. बाबा पूर्वी दुबईला जाऊन आले असतील, तर ते शिक्के त्याच पुस्तिकेत आहेत. माणूस बाहेर जाऊन वेळेत परत आला, याचा तो पुरावा आहे.

आईच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का आहे म्हणून तुम्ही काळजीत आहात. ती सोडून द्या. दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते, त्यासाठी तो शिक्का. लेकीकडे पाहुणी म्हणून जाणाऱ्या आईचा त्याच्याशी संबंध नाही, आणि जर्मनी त्या यादीतही नाही. पन्नाशी उलटलेल्यांना तो लागूच होत नाही, पुढच्या नूतनीकरणात तो निघून जाईल.

नावाचा घोळ मात्र खरा आहे. आपल्याकडे बाईला माहेरचं नाव, सासरचं नाव, घरात हाक मारायचं नाव आणि तलाठ्याने लिहिलेलं नाव अशी चार नावं सहज असतात. तुमच्या आईच्या पासपोर्टवर सुनंदा आहे, आणि बहिणीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर, जिथे आईवडिलांची नावं छापतात, तिथे नंदा आहे. बहिणीचं आडनाव लग्नानंतर बदललेलं. वकिलातीतल्या माणसाला मराठी घरातले हे रिवाज माहीत असायचं कारण नाही. त्याला दिसतात तीन वेगळ्या बायका.

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण दुर्लक्ष करतात. काही जण घाबरून राजपत्रात नावबदल, मग आधार, मग पॅन, मग पासपोर्ट असा सहा महिन्यांचा प्रवास सुरू करतात. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, आणि गरजही नाही. आईचा स्वतःचा पासपोर्ट बरोबर आहे, तिकीट त्याच नावाने निघणार, विमाही त्याच नावाने. प्रश्न फक्त नात्याच्या पुराव्याचा आहे. बहिणीचा जन्मदाखला काढा, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करा. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र जोडा की सुनंदा आणि नंदा ही एकच व्यक्ती. बहिणीचा विवाह नोंदणी दाखला जोडा, म्हणजे आडनाव का बदललं ते कळेल. आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या पत्रात, या सगळ्यावर तीन ओळी लिहा. विसंगती आपण होऊन सांगितली की ती खुलासा ठरते, त्यांनी शोधून काढली की संशय.

आता कुठल्या देशाकडे अर्ज करायचा. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही तरी शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड संघात आहे तरी शेंगेनमध्ये नाही. एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. तुमच्या ४७ दिवसांत स्वित्झर्लंडचे पाच, पॅरिसचे तीन, उरलेले जर्मनीत. विमान झुरिकला उतरलं तरी अर्ज जर्मनीकडेच. श्टुटगार्ट झुरिकहून रेल्वेने तीनेक तासांवर आहे, तिथून जाणारे खूप असतात, त्यात वावगं काही नाही.

दाजींच्या मित्राचा सल्ला, की "फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिकडून काढा", कृपया ऐकू नका. त्यासाठी पॅरिसचे दिवस कागदावर वाढवावे लागतील, खोट्या हॉटेल बुकिंगा जोडाव्या लागतील, आणि मुलगी श्टुटगार्टला असताना हे दोघं तीन आठवडे पॅरिसच्या हॉटेलात का राहतायत, हे कोणालाच पटणार नाही. एका जोडप्याची फाईल एका एजंटाने अशीच लावली होती. व्हिसा नाकारला गेला, आणि ते माझ्याकडे आले तेव्हा मूळ खरी गोष्ट सांगणंही अवघड झालं होतं, कारण आधीच्या अर्जात दुसरीच नोंदवलेली होती.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. तुमच्यासाठी खिडकी १० नोव्हेंबरलाच उघडली आहे. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, चौकशी वाढली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. पण खरी अडचण निर्णयाची नसते, अपॉइंटमेंटची असते. मे-जूनसाठी सगळा महाराष्ट्र एकाच वेळी निघतो. म्हणून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात फाईल आत गेलेली असेल असं बघा. सांगलीकडून तुम्हाला पुण्याचं अर्ज केंद्र सोयीचं पडेल. दोघांना स्वतः यावं लागेल, कारण बोटांचे ठसे द्यायचे असतात. बाबा अजून शेतात हात घालत असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री हाताला तेल नाहीतर व्हॅसलीन लावायला सांगा. हसू नका, भेगाळलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही आणि म्हातारा माणूस तिथे उगाच ओशाळतो. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, जून २०२४ पासून. ती रुपयांत भरायची, वर केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

आता तुमचा पैशांचा प्रश्न. खर्च बहीण-दाजी करणार असतील तर सगळ्यात वजनदार कागद त्यांच्याकडून येतो. त्याचं नाव फेरप्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. पाठ करू नका, बहिणीला माहीत असेल. ती राहते त्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार दाखवून, ती लिहून देते की पाहुण्यांच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि गरज पडली तर परत पाठवण्याचाही खर्च माझा. फी २९ युरो. हे साधं आमंत्रणपत्र नाही, कायदेशीर हमी आहे. उद्या काही खर्च उभा राहिला तर जर्मन सरकार तो तिच्याकडून वसूल करू शकतं, म्हणून दाजींशी आधी मोकळेपणाने बोला. मूळ प्रत कुरियरने भारतात यावी लागते. शहरानुसार त्या कार्यालयात वेळ मिळायला आठवडे लागतात, तेव्हा बहिणीला आजच फोन करा.

हमीपत्र आलं की "किती रक्कम" याची धार जाते. तरीही आई-बाबांचं स्वतःचं स्टेटमेंट लागतंच, कारण ते त्या चारांतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे: हे परत का येतील? इथे तुमची बाजू भक्कम आहे आणि तुम्हाला ते दिसत नाहीये. दर महिन्याला पडणारी पेन्शन हा मी पाहिलेला सर्वांत चांगला पुरावा. पेन्शनचा आदेश आणि सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट जोडा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे करपात्र उत्पन्नात ते दिसत नाही म्हणून घाबरू नका. सातबारा आणि आठ-अ काढा, इंग्रजी भाषांतर करा, आणि कारखान्याच्या ऊसबिलाची पावती लावा.

ऊसबिलाचं मुद्दाम सांगतो. जानेवारीत तुमच्या बाबांच्या खात्यात पहिली उचल, म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता, जमा होईल. ज्याला ऊस माहीत नाही त्याला ती व्हिसासाठी नातेवाइकांकडून उसनी आणून टाकलेली रक्कम वाटते, आणि अशा अचानक रकमांवर त्यांचं पहिलं लक्ष जातं. म्हणून त्या नोंदीशेजारी पेन्सिलने खूण करा आणि बिलाची प्रत लगेच मागे लावा. याउलट, काका-मामांकडून खरोखरच तीन लाख आणून टाकायचा विचार असेल तर टाकू नका. पतसंस्थेतली ठेव असेल तर तिचा दाखला चालेल, ती मोडून खात्यात आणायची गरज नाही.

तुमच्या नावाचाही एक उपयोग आहे. घरी मुलगा, सून, नातवंडं आहेत हे कव्हर लेटरमध्ये यायला हवं. आणि कव्हर लेटर बाबांच्या शब्दांत असू द्या, साधं, एका पानाचं. "आम्ही मुलीला चार वर्षांनी भेटतोय, जुलैत लागणीच्या कामाला परत यायचंय." असलं वाक्य इंटरनेटवरून उतरवलेल्या दीड पानावर भारी पडतं. सही बाबा मराठीत करत असतील तर मराठीतच करू द्या, फक्त पासपोर्टवर आहे तीच सगळीकडे हवी.

विमा सोपा आहे पण तारखा चुकतात. किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारी पडल्यास मायदेशी परत आणण्याच्या खर्चासकट, आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा. बाबांना बीपी-शुगर असेल तर ती पॉलिसीत लपवू नका. आधीपासूनच्या आजारांना कितपत संरक्षण आहे हे पॉलिसीगणिक बदलतं, ते छापील अटींत वाचा, विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

आणि तिकीट शेवटी. अर्जासोबत आरक्षण दाखवलं तरी पुरतं, पैसे भरून पक्कं काढायची घाई करू नका. तुमच्या तिकिटात एक खोच आहे, ती परतीच्या वाटेवर. लंडनमार्गे जायचं तर भारतीय पासपोर्टला विमानतळाबाहेर न पडताही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. जर्मनीचा पाहुण्यांचा व्हिसा असला म्हणून त्यातून सूट मिळत नाही. एक वयस्कर जोडपं यामुळे थेट विमानतळाच्या काउंटरवरून परत फिरलेलं मी पाहिलंय. स्वस्त तिकिटाचे सात-आठ हजार वाचवायला आणखी दोन व्हिसे आणि दोन फी, असा तो व्यवहार आहे. आखातातून येणारं तिकीट बघा.

व्हिसा हातात आला की त्याच्यावरच्या सगळ्या तारखा वाचा. माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका काकांना मी फोनवर सांगितलं की "अमुक तारखेपर्यंत राहता येईल", कारण व्हिसावर तशी शेवटची तारीख छापली होती. पण खाली 'मुक्कामाचे दिवस' म्हणून वेगळा आकडा असतो आणि तोच खरा. तारखांची मुदत साधारण पंधरा दिवस सैल ठेवतात, विमान पुढेमागे झालं तर म्हणून. दिवस मात्र मोजूनच. नशीब, त्यांच्या मुलाने निघण्याआधी पाहिलं. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात, म्हणून तुमचे ४६ नाहीत, ४७ आहेत. अर्जातही तेवढेच मागा.

नाकारला गेलाच तर? कारणांवर खुणा केलेला छापील कागद मिळतो. पूर्वी जर्मन वकिलातीकडे फी न भरता फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता बर्लिनच्या न्यायालयात दावा लावायचा किंवा उणीव भरून नव्याने अर्ज करायचा. दुसराच मार्ग शहाणपणाचा. पण पहिली फाईल नीट लावण्याचं महत्त्व त्यामुळे वाढलंय. आणि पुढच्या कुठल्याही अर्जात "पूर्वी नाकारला का" असं विचारलं तर खरं लिहायचं, त्यांच्या नोंदींत ते दिसतं.

व्हिसा लागला आणि दोघं वेळेत परत आले, तर पुढे सोपं होतं. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० हून जास्त राहता येत नाही. तेव्हा बाळंतपणासाठी आईने सहा महिने राहावं, असा बेत पुढे कधी निघाला तर हा व्हिसा त्या कामाचा नाही.

विमानतळावर आता ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आलीय. फोटो काढतात, रांग हळू सरकते. आईला आधी सांगून ठेवा म्हणजे ती गोंधळणार नाही. हमीपत्राची मूळ प्रत, विमा, परतीचं तिकीट आणि बहिणीचा पत्ता-फोन एका कागदावर इंग्रजीत लिहून हातातल्या पिशवीत द्या, सुटकेसमध्ये नको. अधिकाऱ्याने विचारलं तर तो कागद पुढे करायचा. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी अडवत नाही.

पिशवीवरून आठवलं. मे महिना आहे, आई हापूसची पेटी नेईन म्हणेल. युरोपात आंब्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय तो काढून घेतात. घरचं तूप, पेढे, खवा यांना तर बंदीच आहे, दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, झुरिकला उतरलात तरी. भडंग, चटण्या, लाह्या, पापड बिनधास्त भरा. तुपाचे बेसनलाडू न्यायचे की नाही यावर मी मत देत नाही. माझ्या बायकोने दोनदा नेलेत आणि दोनदा मी तिच्यापासून चार पावलं लांब उभा होतो.